समोरच्याला घेता येईल असा पास

सामना खेळायचा तर बावीस माणसं लागतात, मैदान लागतं, पंच लागतो. नुसता बॉलला पाय लावायला यातलं काहीच लागत नाही. दोघं जण, एक बॉल आणि दहा-बारा पावलांची मोकळी जागा एवढ्यावर भागतं. भाऊ-बहीण, बाप-लेक, शेजारचे दोन मित्र, कुणीही समोरासमोर उभं राहावं आणि बॉल इकडून तिकडे, तिकडून इकडे जाऊ द्यावा. तरी बहुतेक घरांत हा खेळ आठवडाभरही टिकत नाही. नवा बॉल येतो, पहिल्या दिवशी सगळे खाली उतरतात, कुणीतरी जीव खाऊन लाथ मारतं, बॉल उभ्या गाडीखाली शिरतो, धाकटं पोर रुसून बसतं. पुढे तो बॉल गॅलरीत कुंड्यांच्या मागे, हवा जाऊन पडलेला दिसतो.

असं होतं, कारण यात शिकण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटतच नाही. शिकण्यासारखं आहे, आणि ते एका वाक्यात सांगता येतं: समोरच्याला सहज घेता येईल असा बॉल द्यायचा. कोण किती जोरात मारतो याला इथे किंमत नाही. बॉल किती वेळ फिरता राहिला, याला आहे. पुढचं सगळं याच एका गोष्टीसाठी सांगतो आहे.

हारजीत नसलेले असे खेळ जगात फार जुने आहेत. जपानमध्ये ‘केमारी’ नावाचा खेळ हजार वर्षांपूर्वी दरबारातली मंडळी खेळत. गोल रिंगण करून हरणाच्या कातड्याचा हलका बॉल पायानं वर उडवत राहायचं आणि शेजाऱ्याकडे असा द्यायचा की त्यालाही तो उडवता यावा. क्योटोच्या शिमोगामो देवस्थानात दर वर्षी ४ जानेवारीला तो आजही खेळतात. म्यानमारमधल्या पारंपरिक ‘चिनलोन’मध्ये सहा जण वेताचा विणलेला बॉल असाच आपसांत खेळवत ठेवतात. आपल्याकडे कोल्हापुरात तर फुटबॉल वाढला तोच तालमींच्या आश्रयानं. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही फुटबॉल संघांची नावं मुळात तालमींची. शाहू स्टेडियमवर त्यांचे सामने असले की पेठाच्या पेठा लोटतात. तालमीत मोठा पैलवान लहान पोराशी लढत करतो तेव्हा सगळी ताकद लावत नाही. पोराला डाव टाकता येईल, निसटता येईल, एवढंच धरतो. बॉल पास करताना मोठ्यानं हीच रीत ठेवावी.

बॉल आणि त्यातली हवा

दुकानात बॉलवर ३, ४, ५ असे आकडे दिसतात. ५ नंबर म्हणजे मोठ्यांच्या सामन्याचा बॉल: घेर ६८ ते ७० सेंटिमीटर, वजन ४१० ते ४५० ग्रॅम. ४ नंबर साधारण आठ ते बारा वर्षांच्या मुलांसाठी असतो. त्याचा घेर ६३.५ ते ६६ सेंटिमीटर आणि वजन ३५० ते ३९० ग्रॅम. त्याहून लहान मुलांना ३ नंबर. घरातले सगळे मिळून खेळणार असाल तर माझ्या मते ४ नंबर घ्यावा. मोठ्या माणसाला तो खेळायला काहीच अडचण येत नाही. सात-आठ वर्षांच्या मुलाला मात्र ५ नंबरचा बॉल पायाला लागतो आणि त्याच्या मनात बॉलची भीती बसते. ही भीती एकदा बसली की काढायला फार वेळ जातो.

बॉल जमीन बघून घ्या. सोसायटीचं पार्किंग, गल्लीतलं डांबर, शाळेचं सिमेंटचं पटांगण असेल तर मोल्डेड रबरी बॉल बरा. शिवलेला चांगला बॉल अशा जागी चार दिवसांत घासून निघतो, वरचं आवरण सुटतं आणि शिवण उसवते. तो गवतावर, मातीवर किंवा टर्फवर वापरावा. भारतात विकले जाणारे बरेच बॉल जालंधर आणि मेरठचे असतात. फाळणीनंतर सियालकोटहून आलेल्या कारागिरांनी जालंधरला हा धंदा उभा केला, आणि तिथला हातानं शिवलेला साधा बॉलसुद्धा नीट सांभाळला तर दोन-तीन वर्षं सहज जातो. पार्किंगमध्येच खेळायचं असेल तर आणखी एक पर्याय आहे, फुत्सालचा बॉल. तो ४ नंबरएवढाच असतो, पण मुद्दाम कमी उसळेल असा बनवतात. नियमाप्रमाणे दोन मीटरवरून सोडला तर पहिला टप्पा ५० ते ६५ सेंटिमीटरच यायला हवा. गाड्यांच्या काचा आणि पहिल्या मजल्यावरच्या खिडक्या यांच्यासाठी ही मोठी सोय आहे.

हवेकडे बहुतेक जण लक्ष देत नाहीत. दुकानदार बॉल दगडासारखा टणक फुगवून देतो आणि आपणही तोच चांगला समजतो. सामन्याच्या बॉलमध्ये हवेचा दाब ०.६ ते १.१ अ‍ॅटमॉस्फिअर चालतो, म्हणजे नियमातच एवढी मोकळीक आहे. आपल्या खेळाला यातली खालची बाजू ठीक. अंगठ्यानं दाबल्यावर बॉल जरासा आत गेला पाहिजे. एवढ्या हवेत बॉल पायाला लागत नाही, पायाशी थांबतो आणि फार उसळतही नाही. टणक बॉल नवशिक्याच्या पायावरून उडून जातो, आणि मग त्याला वाटतं की आपल्याला हे जमणारच नाही. दोष हवेचा असतो.

पंपाची सुई कोरडी घालू नका, ती ओली करा. ग्लिसरीनचा एक थेंब लावला तर उत्तमच. कोरडी सुई व्हॉल्व्हचं रबर फाडते आणि मग बॉल रोज बसतो. बॉलवर बसू नका, त्याचा गोल आकार जातो. तो उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ठेवू नका. सुया दोन घ्या, एक मोडतेच.

पास देताना

नवखा माणूस बॉल अंगठ्यानं, म्हणजे ‘टो’नं मारतो. टो मारणं काही वाईट नाही; २००२च्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ब्राझीलच्या रोनाल्डोनं तुर्कस्तानविरुद्धचा एकमेव गोल टो मारूनच केला होता. पण टोच्या टोकाला बॉलचा एवढासा भाग लागतो. जरा इकडेतिकडे झालं की बॉल भलतीकडे जातो, शिवाय नखाला मार बसतो. म्हणून पहिली सवय पायाच्या आतल्या बाजूची लावावी. अंगठ्याच्या सांध्यापासून घोट्याच्या खालपर्यंत पायाला जी सपाट, खोलगट बाजू असते, ती बॉलला लावायची. ती रुंद असते, त्यामुळे चुकायला वाव कमी.

आधी दुसऱ्या पायाकडे बघा, ज्यावर तुम्ही उभे आहात त्याकडे. सगळं त्याच्यावर ठरतं. हा आधाराचा पाय बॉलच्या बाजूला, साधारण वीतभर अंतरावर टेकवा आणि त्याचा चवडा समोरच्या माणसाकडे वळवा. बॉल त्या चवड्याच्या दिशेनं जातो. पास सतत डावीकडे जात असेल तर मारणाऱ्या पायाला दोष देऊ नका, आधाराचा पाय कुठे बघतो आहे ते पाहा. बहुतेक वेळा उत्तर तिथेच मिळतं. गुडघा किंचित वाकवा. आता मारणारा पाय बाहेरच्या बाजूला वळवा, बोटं थोडी वर उचला आणि घोटा घट्ट धरा. घोटा सैल असेल तर पाय बॉलला लागून मागे लवतो आणि पास अर्ध्या वाटेत मरतो. बॉलच्या मधोमध मारा. खाली मारलात तर तो वर उडतो. मारल्यावर पाय तिथेच थांबवू नका, समोरच्याच्या दिशेनं थोडा पुढे जाऊ द्या.

सुरुवातीला दोघांत सहा-सात पावलांचंच अंतर ठेवा. लोकांना लांब उभं राहायची घाई असते, कारण लांबून मारलं की खेळल्यासारखं वाटतं. जवळून वीस पास न चुकता गेले की दोघांनी एकेक पाऊल मागे सरकावं. चुकायला लागलं की परत जवळ यावं. त्यात कमीपणा वाटायचं कारण नाही. मोठ्या क्लबांचे खेळाडूसुद्धा सरावाची सुरुवात अशाच जवळच्या पासांनी करतात.

जोर किती लावायचा याचं माप एकच. बॉल जमिनीवरून घरंगळत समोरच्याच्या पायापाशी पोचला पाहिजे, त्याला पुढे धावावं लागू नये आणि मागेही पळावं लागू नये. सिमेंटवर बॉल पळतो, तिथे हलका हात. ओल्या गवतावर अडखळतो, तिथे जरा जास्त. पास समोरच्याला ज्या पायानं घ्यायला सोपा पडतो त्या पायावर द्या. समोरचा डावखुरा आहे का, ते आधी विचारून घ्या. असं विचारणंही खेळाचाच भाग आहे. काही दिवसांनी मुद्दाम त्याच्या दुसऱ्या पायावर द्यायला लागा, पण सांगून.

तुमचा स्वतःचा कच्चा पायही असाच, सावकाश तयार होतो. उजव्यानं दहा पास, मग डाव्यानं पाच. पहिले काही दिवस डावा पाय आपला नाहीच असं वाटेल. अंतर निम्मं करा आणि चालू ठेवा. कच्चा पाय तयार करायला अशा निवांत संध्याकाळीसारखी वेळ नाही, कारण इथे चुकलं म्हणून कुणी गोल खात नाही.

बॉल घेताना

पास देणं सगळे शिकवतात, घेणं कुणी शिकवत नाही. माझ्या मते घेणं जास्त महत्त्वाचं आहे. येणारा बॉल पायावर आपटून पुन्हा चार हात लांब गेला की त्यामागे धावण्यातच वेळ जातो.

युक्ती अशी की बॉल येतो तेव्हा पाय त्याच्याकडे थोडा पुढे न्यायचा आणि बॉल लागताक्षणी तो बॉलच्याच वेगानं मागे घ्यायचा. बॉलचा वेग पायात जिरतो आणि तो जागच्या जागी थांबतो. इथे मात्र घोटा दगडासारखा घट्ट नको, थोडा सैल हवा. मुलांना हे शब्दांत सांगून कळत नाही, करून दाखवावं लागतं, सावकाश, दहा वेळा. बॉल अगदी हळू येत असेल तर तळव्याखाली अडवता येतो: टाच खाली, चवडा वर, आणि बॉल त्या खोपीत दाबायचा. पण बॉलवर उभं राहू नका. पाय घसरून मागे पडायला क्षण लागतो, आणि सिमेंटवर डोकं आपटतं.

तळव्याखाली अडवणं जमलं की अनेक जण तिथेच थांबतात. त्यापुढची पायरी जास्त गोडीची आहे. बॉल पूर्ण न थांबवता पहिल्या स्पर्शातच तो थोडा बाजूला, पुढच्या पासाला सोयीच्या जागी घ्यायचा. म्हणजे पहिला स्पर्श घेण्याचा, दुसरा देण्याचा. या दोन स्पर्शांच्या लयीत दोघं जण बोलत बोलत अर्धा तास सहज खेळू शकतात. नवरा-बायकोनं दिवसभराच्या गोष्टी अशा सांगाव्यात. हातात फोन नसतो आणि नजर समोरच्याकडेच असावी लागते.

उंच बॉल घ्यायचा असेल तर मांडीवर किंवा छातीवर घ्या, तिथेही तेच सूत्र, अंग थोडं मागे घ्यायचं. डोक्यानं मारणं मात्र लहान मुलांना शिकवू नका. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेनं २०२० मध्ये प्राथमिक शाळेच्या वयाच्या मुलांच्या सरावातून हेडिंग काढून टाकायला सांगितलं, आणि अमेरिकेच्या फुटबॉल संघटनेनं २०१५ मध्ये दहा वर्षांच्या आणि त्याहून लहान मुलांना ते बंद करायचं ठरवलं. मेंदूची वाढ चालू असताना त्याला असे धक्के देऊ नयेत यासाठी ही काळजी. घरच्या खेळात हेडिंगवाचून काही अडत नाही.

समोर लहान मूल असेल तर

चार-पाच वर्षांच्या मुलाशी खेळताना पास वगैरे विसरा. त्याला मारू द्या, तुम्ही आणा. मारलेला प्रत्येक बॉल तुम्ही अडवताय यातच त्याचा आनंद असतो. परत देताना हातानं लोटला तरी चालेल, हळू आणि बरोबर त्याच्या पायापाशी. पाच-दहा मिनिटांत त्याचं लक्ष उडालं तर उडू द्या. उद्या ते आपणहून बॉल घेऊन येईल.

सहा-सात वर्षांनंतर मूल शिकायला तयार होतं, पण एका दिवशी एकच गोष्ट सांगावी. आज आधाराचा पाय. उद्या घोटा. ‘असं नाही, तसं; हात असा धर, मान वर कर’ अशी सरबत्ती झाली की मूल आपल्या पायाकडे बघायला लागतं आणि खेळणं थांबतं. प्रत्येक पासाला शाबासकी द्यायचीही गरज नाही. नीट आलेला बॉल तुम्ही नीट परत दिलात, हेच त्याला पुरतं. मोबाइलवर त्याचं चित्रीकरण करायचा मोह आवरा. कॅमेरा समोर आला की मूल तुमच्यासाठी खेळायचं सोडून बघणाऱ्यांसाठी खेळायला लागतं.

मुलींबद्दल मला कळकळीनं सांगायचं आहे. आठ-नऊ वर्षांची होईपर्यंत मुलगी भावाबरोबर खाली उतरते. बारा-तेराव्या वर्षी ती गॅलरीतून बघायला लागते, आणि घरात कुणाला ते खटकतही नाही. ओइनाम बेमबेम देवी मणिपूरमध्ये लहानपणी मुलांबरोबरच खेळली. पुढे भारताची कर्णधार झाली आणि २०२० मध्ये तिला पद्मश्री मिळाली. २०२२ मध्ये सतरा वर्षांखालच्या मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना आपल्या नवी मुंबईत, डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाला. सगळ्या मुलींनी तिथवर जायचं असं नाही. पण आपल्या इमारतीखाली आई, मावशी, काकू यांपैकी एक जण जरी पायात बूट घालून उभी राहिली, तरी त्या वयाची मुलगी खेळायचं सोडत नाही. बाबांनी बोलावण्यापेक्षा आईनं सोबत उतरण्याचा परिणाम मोठा असतो.

आजी-आजोबांनाही यात घेता येतं. चेस्टरफील्ड या इंग्लंडमधल्या गावात २०११ मध्ये ज्येष्ठांसाठी ‘वॉकिंग फुटबॉल’ सुरू झालं, त्यात धावायला मनाई असते, आणि आज ते अनेक देशांत खेळलं जातं. आजोबांचे गुडघे दुखत असतील तर त्यांना भक्कम खुर्चीवर बसवा, खुर्चीची पाठ भिंतीला टेकवा आणि बॉल हळू त्यांच्या पायापाशी सोडा. ते तळव्यानं अडवतील आणि आतल्या बाजूनं परत देतील. नातवंडांना हा पास फार मोलाचा असतो.

तिघं, चौघं, पाच जण

दोघांचा खेळ रोजचा झाला की त्यात थोडी गंमत आणायला हवी. दोघांच्या बरोबर मध्ये दोन चपला एका पावलाच्या अंतरावर ठेवा आणि पास त्या दारातूनच गेला पाहिजे असं ठरवा. सलग किती पास गेले ते दोघांनी मिळून मोजा. कालचा आकडा मोडायचा, दोघांनी एकत्र. मग दार अरुंद करत जा.

तिघं असाल तर त्रिकोण करा, आणि नियम एकच: पास देण्याआधी ज्याला देणार त्याचं नाव घ्यायचं. एवढ्यानं सगळ्यांची मान वर होते. पुढे पास दिला की आपली जागा सोडून दुसऱ्या कोपऱ्यात पळायचं, म्हणजे त्रिकोण सतत फिरता राहतो आणि सगळ्यांना चांगला घाम येतो.

गोल करून बॉल हवेत ठेवायचा खेळही घ्या. नवशिक्यांसाठी एक टप्पा पडू द्यायचा. गल्ली क्रिकेटमध्ये ‘एक टप्पा आउट’ खेळलेल्यांना हा नियम समजावून सांगावा लागत नाही. दुसरा टप्पा पडला की मोजणी पुन्हा एकपासून. बॉल उंच उडवणाऱ्यापेक्षा गुडघ्याएवढा, शांत, शेजाऱ्याच्या पायावर उतरेल असा देणारा गडी इथे कामाचा.

एकटेच असाल तर भिंत आहे. हॉलंडचा डेनिस बर्गकॅम्प लहानपणी अ‍ॅमस्टरडॅममध्ये तासन् तास भिंतीवर बॉल मारत असे, आणि त्याचा पहिला स्पर्श पुढे जगभर नावाजला गेला. फक्त ती भिंत कुणाच्या झोपायच्या खोलीची नसावी. दुपारी एक ते चार या वेळात तर कुठल्याच भिंतीवर मारू नका.

जागा, ऊन, पाऊस, पाय

खेळण्याआधी पाच मिनिटं जागेवरून चालत फिरा. काचा, खिळे, उघडी गटाराची झाकणं, तारा बघून घ्या. रस्ता जवळ असेल तर पक्का नियम करा: बॉल रस्त्यावर गेला की तो मोठ्या माणसानंच आणायचा, मुलांनी जागेवर उभं राहायचं. एकदाही सूट नको. मैदानात क्रिकेटवाले आधी आलेले असतील तर त्यांच्या पिचवर पाय देऊ नका, कडेला भरपूर जागा असते.

कोकणात किंवा गोव्यात असाल तर ओहोटीच्या वेळची ओली, घट्ट वाळू अनवाणी खेळायला फार छान. कोरड्या वाळूत पोटऱ्या भरून येतात. बॉल पाण्यात गेला आणि लाटेनं ओढला तर त्याच्यामागे जाऊ नका, कुणीही नको, पोहता येणाऱ्यानंसुद्धा नको. गोव्यात भातकापणी झाली की रिकाम्या शेतांत फुटबॉल रंगतो. तिथे धसकटं टोचतात, बूट हवेतच.

अनवाणी खेळण्याचं आपल्याकडे कौतुक आहे, आणि ते अगदीच अस्थानी नाही. १९४८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले आणि बलाढ्य फ्रान्सला त्यांनी झुंजवलं, सामना २-१ असा गेला. बॉल पायाला कसा लागतो हे अनवाणी जास्त कळतं. स्वच्छ गवत, ओली वाळू, घरची फरशी इथे खुशाल अनवाणी खेळा. डांबर, सिमेंट, अनोळखी मैदान इथे साधे कॅनव्हासचे बूट घाला. चप्पल किंवा सँडल घालून खेळू नका. ती बॉलआधी उडते आणि घोटा वळतो. भाड्याच्या टर्फवर लांब स्टडचे बूट नकोत, छोट्या रबरी खुंट्यांचे असतात ते वापरा. दुपारच्या उन्हात टर्फ इतकं तापतं की बुटातूनही चटका बसतो.

पावसात खेळायची मजा मीही कुणाला सोडा म्हणणार नाही. पण साचलेल्या पाण्यात नको. मुंबईत दर पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण आढळतात. उंदीर-घुशींच्या मुतानं दूषित झालेल्या पाण्यातले त्याचे जंतू पायाच्या जखमेतून, अगदी साध्या खरचटण्यातूनही अंगात शिरतात. पायाला जखम असेल तर त्या दिवशी थांबा. चिखलात खेळून आलात तर घरी पोचताच पाय साबणानं धुवा. साचलेल्या पाण्यातून गेल्यावर काही दिवसांत ताप आला तर डॉक्टरांना पाण्यात उतरल्याचं आवर्जून सांगा. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत सकाळी आठच्या आत किंवा सूर्य कलल्यावरच खेळा, आणि पाण्याची बाटली बॉलसोबतच खाली आणा.

सुरुवातीला दोन मिनिटं नुसतं चाला, मग घोटे गोल फिरवा, मग हळू पास. चाळिशीच्या पुढच्यांनी तर थंड अंगानं जोरात किक मारूच नये, मांडीचा मागचा स्नायू धरतो. घोटा मुरगळला तर लगेच थांबा. फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं लावा, पट्टी बांधा, पाय उशीवर उंच ठेवा. आपल्याकडे लगेच गरम तेलानं चोळायची पद्धत आहे. पहिले दोन दिवस चोळू नका आणि शेकही देऊ नका, त्यानं सूज वाढते. त्या पायावर भार देऊन चार पावलंही टाकता येत नसतील तर एक्स-रे काढायलाच हवा.

रोज खेळायला लागलात की एक गोष्ट घडते. कडेला कुणीतरी येऊन उभं राहतं. वॉचमनचा मुलगा असेल, नव्यानं राहायला आलेली मुलगी असेल. ‘येतोस का’ असं विचारलं तर मूल लाजून नाही म्हणतं. विचारू नका, बॉल हळूच त्याच्या पायापाशी सरकवा, परत येतोच. मग गोल थोडा मोठा करा. पाच जण झालात तर चौघांनी चौकोनात उभं राहून बॉल आपसांत फिरवायचा आणि एकानं मध्ये राहून तो पकडायचा, ज्याचा पास पकडला जाईल त्यानं मध्ये यायचं. बार्सिलोनाचे खेळाडू सरावात हाच खेळ ‘रोंडो’ म्हणून खेळतात. नवं मूल असेल तर पहिले दोन-तीन दिवस त्याला मध्ये पाठवू नका. सहा जण झालात की मध्ये दोघांना घाला आणि चौकोन पाच-सहा पावलांनी वाढवा.